औषधापासून लांब

"गोळ्या का बंद केल्या?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हनला व्हता, सुनंला औषधापासनं लांब ठिवा," हिराबाई म्हणाल्या. "ठिवली!"

लोहाच्या गोळ्यांची पाकिटं फडताळात जशीच्या तशी होती. आणि पाचवा महिना लागलेली सून सुनीता परसात सासऱ्यांचे, आप्पांचे कपडे खळबळत होती. आप्पा सकाळीच कांद्यावर औषध मारून आले होते. वास ओट्यापर्यंत येत होता.

चूक माझी. मी खुटबावची आरोग्यसेविका, म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायका तपासणारी सिस्टर. माझ्या वहीत सूचनांची यादी असे. चौथा नंबर, 'औषधापासून लांब'. मला फवारणीचं औषध म्हणायचं होतं. गावात दोन्हींना औषधच म्हणतात, हे लिहिताना सुचलं नाही.

"मामी, गोळ्या चालू करा. लांब ठेवायचं ते फवाऱ्याचं. ते विष आहे. कपड्यातून हाताला लागतं, अंगात जातं, बाळापर्यंत पोचतं."

"मंग कापडं कुनी धुवायची? माझं गुडघं बघितलं का?"

"ज्यांनी घातली त्यांनी."

हिराबाई अशा हसल्या की परसातल्या कोंबड्या पळाल्या.

मी वही मिटली. "सुनीता, डोहाळे कसले लागलेत गं?" विचारलं आणि डोळा मारला.

पोरगी हुशार. मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, मामंजींनी सोताची कापडं धुताना बघावं वाटतंय. लई वाटतंय."

हिराबाईंचं हसू थांबलं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे सगळ्या आळीला सांगणाऱ्या त्याच.

"अवो!" त्यांनी घरात हाक मारली. "हिकडं या. नातवाचा कान फुटंल!"

आप्पा सोसायटीचे चेअरमन. "आधी म्होरलं दार लाव," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि बादली वेगळी ठेवायला सांगितली. एकदा धुतलं की सुटलो, असं त्यांना वाटलं. डोहाळे बाळंतपणापर्यंत टिकले. शेजारच्या गरोदर सुनांनाही लागले.

महिन्याच्या मीटिंगला डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, खुटबावचे तीन सासरे कंबर धरून दवाखान्यात येऊन गेले. कसली साथ आहे तिकडे?"

"डोहाळ्यांची, सर."

"मग औषध?"

"तो शब्दच नको, सर."

सुनीताला मुलगी झाली. वजन चांगलं, कान ठणठणीत. यादीतला चौथा नंबर खोडून मी 'फवाऱ्याचं विष' असं लिहिलं. खाली पाचवा वाढवला: सल्ला चालत नसेल तिथे डोहाळे विचारावेत.