आधी रेघ, मग अक्षर

मोडीकाका बोलायला लागले की मध्ये श्वास कधी घेतात, हे डोंबिवलीत कुणालाच उमगलं नव्हतं. "काय गं सुमे अभ्यास झाला का आई काय करते चहा टाकलाय का," सगळं एका दमात. कल्याणच्या कचेरीत ते मोडी लिहीत. मोडीची रीतच तशी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा नाही, लेखणी उचलणं नाही. "हात उचलला तो कारकून संपला," असं ते म्हणत.

मग सरकारनं मोडी बंद केली आणि कचेरीत यंत्रं आली. ठाण्याला टायपिंगची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं. काकांच्या पदरात दोन लहान मुली. पंचेचाळिशीच्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार? काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र दुसऱ्याच दिवशी आमच्या टायपिंगच्या क्लासात माझ्या शेजारी येऊन बसले आणि मास्तरांना विचारते झाले, "आधी रेघ कुठल्या बटणानं मारायची?"

बोटं त्यांची झकास चालत, पण कागदावर सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले. अंगठ्यानं खालची लांब पट्टी दाबून जागा सोडायची, तर त्यांचा जीव होईना. "कोरी जागा सोडली की उद्या कुणीतरी तिथं काहीबाही घुसडतो गं," म्हणायचे. शेवटी मीच सुचवलं, शब्द संपला की 'थांब' म्हणा आणि पट्टी दाबा. झालं. "विनंती, थांब. अर्ज, थांब." घरीही तेच. "भाजी, थांब, वाढ," म्हणायचे आणि काकू पळी हातात धरून उभ्याच.

परीक्षेत माझ्या पुढच्याच यंत्रावर बसलेल्या काकांनी सवयीनं खणखणीत "थांब" म्हटलं आणि अख्ख्या खोलीतली यंत्रं थांबली. पर्यवेक्षक तावातावानं आले. "पुन्हा तोंड उघडलंत तर बाहेर काढीन." काकांचा चेहरा उतरला. गेली यांची नोकरी, असंच मला वाटलं. पण त्यांनी खिशातली सुपारी तोंडात टाकली, ओठ घट्ट मिटले आणि दर शब्दाला नुसती मान हलवत पेपर पुरा केला. पास झाले. काकूंनी गल्लीभर साखर वाटली.

पुढं त्यांची जव्हारला बदली झाली. निघताना मी टांग्याशी वाकून नमस्कार केला. एव्हाना काका अगदी सावकाश बोलायला लागले होते, आणि मला ते जुने, एका दमातले काका हवे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी," ते म्हणाले, आणि अंगठा माझ्या केसांवर हलकेच दाबून, "राहा."