आत्याचा अर्क आणि अध्यक्षांचं हिरवंगार भात

आत्याला गटातून हाकलणारेच आज तिचा फोटो स्टेटसला लावून रडतायत.

‘सेंद्रिय शेतीची माउली हरपली’ म्हणे.

थू.

आत्या काल दुपारी गेली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मार्गासनी गावात स्वतःची भातशेती, जीभ तिखट, आणि गोठ्यामागं एक निळा ड्रम. त्यात निरगुडी, करंज, सीताफळाचा पाला गोमूत्रात सडत असायचा. भातावर करपा रोग पडू नये म्हणून तो अर्क ती आधीपासूनच फवारायची.

वास असा, की सुट्टीत आम्ही पोरं तिकडं फिरकायचो नाही.

एका वर्षी झिमझिम थांबेचना. पानांवर तपकिरी ठिपके आले. आत्या फवारत राहिली, पण करपा हटला नाही. निम्मं पीक गेलं.

हे मुद्दाम लिहितेय. अर्क म्हणजे जादू नव्हे, असं तीच सगळ्यांना बजावायची.

तिच्या सेंद्रिय गटाच्या अध्यक्षांचं भात मात्र हिरवंगार!

कारण त्यांनी गुपचूप केमिकल बुरशीनाशक मारलं होतं. आत्यानं बांधावरून स्वतः बघितलं. आणि तोच तांदूळ ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ छापलेल्या पिशवीतून पुण्याच्या सोसायट्यांत जाणार होता.

गटाच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली.

“अध्यक्ष, औषद मारलंय तर मारलंय म्हना. पिशवीवर खोटं नगा लिवू.”

“आत्याबाई, तुमचं पीक गेलं म्हनून आमच्यावर जळता व्हय?”

सगळे हसले.

संध्याकाळी तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून रिमूव्ह केलं. वर अंगठे दाखवले एकमेकांना. शूरवीर!

पुढच्या पावसाळ्यात अध्यक्षांची बायको मागच्या दारानं आली. हातात रिकामा कॅन.

“आत्या, थोडा अर्क द्या की. घरी खायाचं भात येगळं लावलंय. त्याला औषद नगं म्हनत्यात हे.”

पुन्हा वाचा. घरी खायचं भात.

मी तिथंच होते. म्हटलं, “आत्या, ओत तो ड्रम हिच्या डोक्यावर.”

आत्यानं कॅन घेतला. अर्क फडक्यातून गाळला, काठोकाठ भरला, बूच घट्ट लावलं.

“करपा दिसायच्या आदी मार, मागनं उपेग न्हाई. आन तुज्या नवऱ्याला सांग, पुन्यात बी लोकांच्या घरात पोरं जेवत्यात.”

ती बाई खाली मान घालून गेली. पिशव्या तशाच जात राहिल्या.

अध्यक्ष, दहाव्याला नदीवर या हवं तर. माईकला हात लावायचा नाही.

आत्या, मी तो कॅन भरला नसता गं.

नीट जा.