म्हातारीला खाऊ घाल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बरं! मधेच हसलात की माझी गाडी रुळावरून घसरते. आता काय सांगू तुम्हाला, चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण चांगली चालती बेकरी एका दुपारी मोरीत ओतायची करामत फक्त या कुसुमनं केली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. मंठ्याहून लग्न होऊन मी नुकतीच बदनापूरला आले होते. नवरा सकाळच्या गाडीनं जालन्याला कामाला जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. दिवसभर मी काय भिंतींशी बोलणार? सासूबाईच म्हणाल्या, “जा की त्या बेकरीतल्या बायकांत. हाताला काम लागंल.”

बेकरी बायकांची, सहकारी. मागे भट्टी आणि पुढे चहाचं हॉटेल. मैद्याला दारात उभं करायचं नाही, असा बायकांचा ठरावच होता. कोंड्यासकट कणकेचा पाव, ज्वारीची नानकटाई, बाजरीची तीळ लावलेली बिस्किटं. गावानं सुरुवातीला थट्टा काय कमी केली? “कोंड्याचा पाव? म्हशीला घाला!” म्हणायचे. आणि तीच माणसं दुपारी पेपरामागं तोंड लपवून तो पाव चहात बुडवून खायची.

या सगळ्यावर राज्य गयाक्काचं. संस्थेच्या चेअरमन. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा, की आगगाडीच्या शिट्टीनं लाजावं. मी उमेदवारीवर होते. धान्य निवडायचं, बिस्किटं पुड्यात भरायची, कपबश्या विसळायच्या. भट्टीमागच्या अंधाऱ्या खोलीत मात्र नव्या बाईला जायची परवानगी नव्हती.

कारण त्या खोलीत होती म्हातारी!

मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण दिवसभर कानावर तिचंच नाव. “आज म्हातारी लई खूश हाय गं!” “काल रुसून बसल्ती म्हातारी, हलंना का डुलंना.” “थंडीत गोधडीत गुंडाळली तवा जगली बाई.” आणि सगळ्यात भारी म्हणजे, “निजामाच्या काळातली हाय म्हातारी. तिच्या जिवावर तर आपलं समदं चालून राह्यलंय!”

निजामाच्या काळातली! शंभरी गाठलेली, डोळ्यांनी न दिसणारी, पण नुसता हात लावला की कणीक टम्म फुगवणारी कुणीतरी थोर बाई मला दिसायला लागली. येताजाता मी त्या बंद दाराला पदर सावरून हात जोडायची. बरं, विचारायची सोय होती का? एवढ्या मोठ्या बाईबद्दल “कोण हो त्या?” असं कुठल्या तोंडानं विचारायचं?

मे महिन्यात एका सभासद बाईच्या लेकीचं लग्न निघालं. बेकरी बंद, सगळ्या बायका जीपमध्ये. गयाक्कानं एक पाय जीपमध्ये ठेवला आणि मला हाक मारली.

“कुसुम, आज म्हातारी तुझ्या हवाली! नीट सांभाळलीस तर उद्याच्या मीटिंगात तुला सभासद करते. तिला काही झालं तर मातर पुन्हा दारात दिसू नको.”

“आक्का, मी एकटी?”

“काय अवघड हाय त्याच्यात? ऊन कललं की खाऊ घाल. पाणी कोमट दे, गार बिलकुल न्हाई. मंग चांगली हलवून घे, अंगात हवा खेळली पायजे. तिचं फडकं हाय, ते ओलं करून वरून टाक. वास घेऊन बघ, आंबूस आला म्हंजे बराबर हाय. आन् फुगली तर भिऊ नको!”

जीप धुरळा उडवत गेली आणि मी तिथंच उभी. शंभर वर्षांची बाई फुगते? मग म्हटलं, या वयात पायावर सूज येतच असेल.

ऊन कललं. दात नसतील म्हणून मी कणकेचा पाव दुधात भिजवला, बशीत नानकटाई मांडली, दाराला नमस्कार केला आणि आत पाऊल टाकलं. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा मी एवढी बिचकले नव्हते.

आत कुणीच नाही!

पिठाची पोती, लाकडी फळ्या, कोपऱ्यात चिनी मातीची एक मोठी बरणी, तिच्या तोंडावर फडकं. म्हातारी कुठाय? धावत पुढं आले, तर काय! हॉटेलच्या बाकड्यावर, कडुलिंबाच्या सावलीत, पदरानं वारा घेत म्हातारी बसलेली. नऊवारी लुगडं, पायाशी गाठोडं, उन्हानं लाल झालेलं तोंड. मी सरळ पायांवर डोकं ठेवलं.

“आजी, बाहेर कशाला आलात? ऊन लागेल ना!”

“काय करू माय, केदारखेड्याहून एस्टीनं आले. लई भाजून काढलं उन्हानं.”

केदारखेड्याहून? म्हटलं, वयात होतं असं. भ्रम होतो, माहेर आठवतं.

“चला बघू आत. तुमची जागा आत आहे.”

“माझी जागा?” म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं, गाठोडं उचललं आणि म्हणाली, “चल बाई. सावली असली म्हंजे झालं.”

आत आणून पोत्यावर बसवली आणि बशी पुढं केली. काय जेवली हो! दूधपाव संपला, नानकटाई संपली, बिस्किटांचा पुडाही संपला. आणि दात? सगळे जागच्या जागी! शंभरीची बाई साठीची दिसत होती. मी मनात म्हटलं, हा कोंड्याच्या पावाचा गुण. लोक उगाच नावं ठेवतात.

पाणी कोमट दिलं. तिनं तोंड वाकडं केलं.

“गार न्हाई का गं?”

“नाही आजी, सक्त मनाई आहे.”

मग हलवायचं होतं. मी दोन्ही खांदे धरले आणि लागले हलवायला.

“अगं अगं, काय करून राह्यलीस?”

“अंगात हवा खेळली पाहिजे आजी.”

“हळू गं! ... बरं वाटून राह्यलं पण. जरा कमरंकडं बी घे.”

मग वास. मी नाक तिच्या खांद्याजवळ नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. मे महिन्यातली एस्टी, वास कसला येणार?

“आंबूस आहे!” मी आनंदानं ओरडले.

म्हातारी चपापली. “सकाळी आंघोळ करून निघाले बाई मी,” ती हळूच म्हणाली.

राहिलं फडकं. ते बरणीच्या तोंडावर होतं, खळ घातल्यासारखं कडक. पाण्यात बुचकळून मी ते तिच्या डोक्यावर टाकलं. तिनं डोळेच मिटले. “आहाहा! पोटच्या लेकीनं केलं नसतं गं एवढं!”

ऐकलंत? प्रत्यक्ष म्हातारीचा आशीर्वाद! मी तर भरून पावले. पण फडकं निघाल्यामुळं बरणीतून असा काही भपकारा आला, की म्हातारीनं नाकाला पदर लावला.

“काय सडून राह्यलं गं त्याच्यात? फेकून दे ना!”

मी वाकून पाहिलं. पातळ पीठ, वर फेस, बुडबुडे. एवढ्या टापटिपीच्या बायका, आणि म्हातारीच्या उशाशी ही घाण? बरणी उचलली, मागच्या मोरीत पालथी केली, वरून पाणी ओतलं. राखेनं घासून अशी लख्ख केली की तोंड पाहून घ्यावं. आत येऊन बघते, तर पोतं रिकामं. म्हातारी नाही, गाठोडं नाही. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी तेवढी ऐकू आली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. गयाक्का उतरली ती विचारतच.

“म्हातारी कशी हाय?”

“आक्का... गेली.”

“गेली? माय माय माय! कशी काय गेली?”

“खाऊनपिऊन गेली. शेवटपर्यंत चांगली बोलत होती.”

“बोलत होती?”

“स्टेशनाकडं गेली असेल. गाठोडं घेऊन.”

गयाक्कानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग आत गेली. पालथी घातलेली चकचकीत बरणी तिला दिसली आणि ती मटकन खाली बसली. तो आवाज, ज्याला आगगाडी लाजायची, तो पार बसला होता.

“पोरी, म्हातारी म्हंजे बाई न्हाई गं. खमीर! पाव फुगवायचं आंबवण. जालन्याच्या करीमचाचानं भट्टी बंद करताना मला गोळाभर दिल्तं. म्हणले, बेटी, इसको भूखा मत रखना. त्यांच्या बापाच्या हातचं होतं ते. रोज थोडं काढायचं, थोडं राखायचं, पीठपाणी घालायचं. इतक्या वर्सांत एक दिवस उपाशी न्हाई राह्यलं. चाचा बी आता न्हाई. कोणाला मागू?”

बायका दारात गोळा झाल्या. नवं खमीर काय, करता येतं. पण ज्या चवीसाठी गाव पेपरामागं तोंड लपवत होतं, ती चव मी मोरीतून वाहून घालवली होती.

“म्हातारी मेल्याचं दुःख न्हाई, काळ सोकावतो म्हणतेत,” गयाक्का म्हणाली. “मला तर बाई दोन्हीचं दुःख हाय.” मग एकदम मान वर केली. “फडकं! फडक्याला वाळलेलं खमीर असतंय. फडकं कुठाय?”

“म्हातारीच्या डोक्यावर.”

“कोण्या म्हातारीच्या?”

“ती... दुसरी.”

पुढचं काय सांगू? चप्पल न घालता मी स्टेशनाकडं पळत सुटले. मागून गयाक्का, तिच्यामागून लग्नाच्या शालूतल्या बायका. परभणीकडची पॅसेंजर उभीच होती. खिडकीत माझी केदारखेड्याची म्हातारी, डोक्यावर फडकं, चेहऱ्यावर तृप्ती. लेकीकडं निघाली होती बिचारी.

“आजी, उतरा!” मी खिडकीचे गज धरले. “आमची म्हातारी तुमच्या डोक्यावर बसली आहे!”

डब्यातल्या सगळ्या माना एकदम वळल्या.

“कोण बसलंय?” एका फेटेवाल्यानं विचारलं.

“म्हातारी! निजामाच्या काळातली!”

“मेलेली?”

“अजून जीव आहे तिच्यात! पण लवकर काढली नाही तर काही खरं नाही!”

झालं! शेजारच्या बायका बाकाच्या टोकाला सरकल्या. कुणीतरी रामनाम सुरू केलं. फेटेवाला ओरडला, “लिंबू हाय का रे कोणापाशी?” आणि म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“तरीच मघाशी मला गदागदा हलवून राह्यली होती! आन् हुंगून बी पाह्यलं गं माय मला!”

तिनं डोक्यावरचं फडकं ओढलं आणि खिडकीतून भिरकावलं. “घे बाई तुझी म्हातारी! मला लेकीकडं जाऊ दे!”

गाडी हलली. फडकं गयाक्कानं झेललं, आणि तान्ह्या पोरासारखं पदराखाली घेतलं.

बेकरीत येऊन आम्ही त्या फडक्याच्या खपल्या कोमट पाण्यात सोडवल्या, चमचाभर कणीक घातली, झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी घरी जेवले नाही, बरणीपाशीच बसून होते. आणि मग एका सकाळी पिठावर एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुटला. शेजारी दुसरा आला. पीठ आणि पाणी हो, दुसरं काय असतं त्यात? पण ते श्वास घेत होतं. कोण कुठला करीमचाचांचा बाप, त्यानं कालवलेलं पीठ माझ्या डोळ्यांसमोर जागं होत होतं. मी हात जोडले आणि ढसाढसा रडले. आजही बरणी उघडताना माझा हात एकदा थबकतोच.

“ऊठ,” गयाक्का म्हणाली. “सभासद करते तुला. पण आता जन्मभर हिला खाऊ घालायचं काम तुझं.”

ते मी मनापासून केलं. वर्षं गेली, बेकरीला पक्कं छप्पर आलं, टेलिफोन आला. दोन हजार साल उलटूनही बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट. मी चार दिवस माहेरी मंठ्याला गेले होते. परतले ती उन्हाची, दमून बाहेरच्या बाकड्यावर टेकले आणि डोळा लागला. जागी झाले तर समोर एक नवी पोर उभी, मी नसताना कामाला लागलेली. हातात दूधपावाची बशी! म्हटलं, किती गुणी! मी खाल्लं. तिनं पाणी दिलं, कोमट. प्यायले. तिनं खांदे दाबले. बरं वाटलं, म्हटलं जरा कमरेकडंही घे. मग डोक्यावर गारेगार फडकं पडलं, आणि पोरगी वाकून माझ्या खांद्याशी नाक आणून म्हणाली,

“आंबूस हाय! बराबर!”

मी ताडकन उठले. आता तुम्हीच सांगा, मला आधी बरणीची आठवण यायला हवी होती की नाही? जिच्यासाठी अनवाणी स्टेशन गाठलं, तिची? पण माझ्या तोंडून काय निघालं?

“अगं ए! पंचेचाळीसही पुरी नाहीत माझी! मी म्हातारी दिसते का तुला?”

पोरगी घाबरली. मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि समजूत काढावी तशी म्हणाली,

“न्हाई ओ आजी. गयाक्का म्हणल्या होत्या, निजामाच्या काळातली हाय. तेवढ्या न्हाई दिसत तुम्ही. कोंड्याच्या पावाचा गुण असंल!”