अजून हलका

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी दारव्ह्याकडच्या एका खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो, कापसाची प्रत ठरवणारा. राहायचोही कुंपणाच्या आतच. बाहेर बैलबंड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, आणि रांगेतल्या प्रत्येकाला माझा चेहरा पाठ. बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी खिशातून कापूस काढायचा, "सायेब, याले काय म्हन्सान?" शेवटी मी जाणंच सोडलं. पगारी कैदी म्हणा हवं तर.

म्हणून दुपारच्या सुट्टीत गोदामामागे बॅडमिंटन. वजनकाट्यावरचे बाबू कॉलेजात खेळलेले. मी नुसता दांडगा. जाळीजवळ अलगद टाकायचा फटका मला काही केल्या जमेना, फूल दर वेळी थेट गोदामाच्या पत्र्यावर. बाबू म्हणाले, "कायले दाबून राह्यले रॅकेट? हात जोरात मारल्यावानी उचला, पन शेवटी बोटं सैल सोडा." दिवसभर याच बोटांनी मी कापसाचा धागा न तोडता ओढून पाहायचो. रॅकेट हातात आली की मात्र मूठ वळायची, आत साचलेला सगळा वैताग तिच्यात उतरायचा. "हलका!" बाबू ओरडत. "अजून हलका!" हळूहळू मीही ओरडू लागलो. एका दुपारी फूल जाळीला घासून पलीकडे अलगद पडलं. "हलका!" मी आनंदाने बोंबललो.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे रांग होती. आणि आमच्या धंद्यात हलका म्हणजे खालच्या प्रतीचा माल.

सुट्टी संपून फाटक उघडलं. पहिल्या बंडीवर एक बाई होती, चार दिवसांपासून थांबलेली. "बंडी पाह्याच्या आंधीच हलका म्हन्लं तुमी. काहून?" मी रॅकेट आणून दाखवली, फूल दाखवलं, फटकाही करून दाखवला. मागचे हसले. ती हसली नाही. "बरं. आता पाहा," ती म्हणाली.

वरचा कापूस पांढरा होता. आत कोपरापर्यंत हात घातला, तर पिवळसर, किडक्या बोंडांची कवडी भरलेला, धागा आखूड. दुसऱ्या बाजूने काढला. तेच. चूक माझी नव्हती, तरी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वरची प्रत लिहावी तर मागच्या साऱ्या बंड्यांवर अन्याय, आणि तपासणीत माझी नोकरी जायची. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"हलका," मी म्हणालो.

"तेच तं म्हनत होती मी, आंधीच ठरलं होतं," ती मागच्यांना म्हणाली आणि बंडी काट्याकडे वळवली.