छत्तीस गेज आणि सोनेरीचा एक हात

आता काय सांगू तुम्हाला! सासुरवाडीला माणसाने जेवावं, ताणून द्यावी, फार तर मेव्हण्याशी पत्ते खेळावेत. वीज पाडायला जाऊ नये. मी गेलो. चहा घ्या, सांगतो.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. डोळ्यांची आखणी माझ्याकडे, आणि दागिन्यांच्या सोनेरी कामाला तर मी दुसऱ्या कोणाला हातच लावू देत नाही. पण रोह्याला सासुरवाडीत मी कोण? रंगारी! धाकटा जावई कंपनीत सुपरवायझर, म्हणून पंख्याखालची खुर्ची त्याला. मला दारातलं स्टूल.

तर यंदा सासऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, गणपतीच्या बाजूला खरीखुरी वीज चमकवायची. माझा मेव्हणा संतोष इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "टेस्ला कॉइल करू, तिच्या टोकातनं हवेत खरी वीज उडते. बाकी सगळं माझ्याकडं लागलं. पण पाइपावर तार गुंडाळायला हात लय स्थिर पायजे. वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक चढता कामा नाय."

"स्थिर हात? अरे, मी उंदराच्या मिश्या काढतो ब्रशने!"

झालं! सासऱ्यांनी अख्ख्या आळीत सांगून टाकलं, "आमचे मोठे जावई वीज पाडणार हायेत." लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'मोठे जावई' ऐकलं हो! आता वीज पडली नाही तर त्यांचं नाक जाणार, आणि माझी पंख्याखालची खुर्ची.

संतोषने सांगितलं, अठ्ठावीस गेजची तार घ्या. मी ती अशी गुंडाळली, की वरून बोट फिरवलं तर रेशीम वाटावं. जुन्या साडीत लपेटून, मांडीवर घेऊन गाडीने रोह्याला निघालो. शेजारची बाई नागोठण्यापर्यंत हळू आवाजात बोलत होती, बाळ उठेल म्हणून.

संतोषने बटण दाबलं. वीज वरून निघायची, ती निघालीच नाही. कॉइलच्या अंगावरच ठिणग्या तडतडल्या, जळका वास आला आणि खेळ खलास.

"गेज चुकला, भावोजी. बत्तीस घ्या."

"म्हंजे आणखी जाड?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाय ओ बाबा. आकडा वाढला की तार बारीक."

"ह्ये कसलं उलटं शास्त्र!"

बत्तीस आणली, गुंडाळली, पुन्हा रोहा. तडतड, वास, खलास! आता आळीतली माणसं येता-जाता विचारायला लागली, "काय मोठे जावई, पाऊस कवा?" बायको म्हणाली, "अवो, मला माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवाल ना?" संतोषही इरेला पेटला. "आता छत्तीस! त्याच्याबिगर बात नाय."

छत्तीस म्हणजे केसच की! जोरात शिंकलो असतो तरी तुटली असती. त्यात आमचा हंगाम, कारखान्यात मान वर करायला फुरसत नाही. कॉइल पुरी झाली ती थेट चतुर्थीच्या सकाळी. गाडीची वेळ झाली होती, तशीच उचलली आणि धावलो.

संतोषने ती हातातून घेतली, जोडली, बटण दाबलं. आणि चर्रर्र करत जांभळी वीज हवेत झेपावली! लांब उभ्या सासऱ्यांच्या हातात नुसती ट्यूबलाइट होती, वायर नाही की काही नाही. ती लख्ख पेटली!

"पेटली गो, पेटली!" सासरे सासूबाईंना ओरडून सांगायला लागले. "आरं, जावयांना खुर्ची द्या!"

मी पंख्याखाली बसलो. दुपारभर जो येईल त्याला समजावत होतो, "सगळा खेळ गेजचा असतो बरं का!"

आळी जमणार होती संध्याकाळच्या आरतीला. संतोष आंघोळीला गेला. मी मंडपात गेलो, पिशवीतून डबी आणि ब्रश काढला, आणि सकाळी गडबडीत राहिलेलं काम उरकून घेतलं. कॉइलला सोनेरीचा एक हात दिला.

असे बघू नका माझ्याकडे! आमच्या कारखान्याची रीतच आहे, बिनरंगाची वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आधीच्या दोघींनाही दिला होता. संतोषला का नाही सांगितलं? अहो, जेवून हात धुतला हे कोणी सांगत फिरतं का?

आरती झाली. सासऱ्यांनी माइक घेतला. "आता बघा आमच्या मोठ्या जावयांची वीज!"

तडतड. वास. खलास.

संतोषने स्विच बंद केला, प्लग काढला, कॉइलवर बोट फिरवलं. बोट सोनेरी!

"भावोजी, ह्ये काय?"

"सोनेरी."

"आधीच्यांना पन?"

"त्यांना दोन-दोन हात."

"अवो, त्या रंगात धातूची भुकटी असते! वीज तारेतनं चढायची सोडून रंगावरनंच पळाली! मला वाटलं, पेणला तारच अशी झकपक मिळत असंल!"

म्हणजे अठ्ठावीसही चालली असती आणि बत्तीसही. गेज कधी चुकलाच नव्हता, चुकत होतो मी. शरमेने मान वर होईना.

सासरे उठले. मंडपामागे गेले आणि जुन्या दोन्ही कॉइली घेऊन आले. म्हटलं, आता डोक्यात घालतात! पण त्यांनी तिन्ही कॉइली गणपतीभोवती एकेका कोपऱ्यात उभ्या केल्या, मागे सरून बघितलं, आणि चालू माइकवर म्हणाले,

"खांब झकास जमलेत, जावईबापू. पन मखराला चार लागतात. चौथा कवा आणताय?"