शेवंताचा जड हात

हे मी बायकोला सांगितलं नाही, बरोबरीच्या डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, मलाही धड कळत नाही. थकलोय, एवढंच.

सत्तरच्या दशकात माझा दवाखाना शिरूरला होता. निमोण्याच्या हौसाबाई यायच्या. छातीची गाठ पुण्याला कापून काढल्यापासून त्यांचा डावा हात कायमचा सुजलेला — वर्षानुवर्षं. मीच सांगितलं होतं, रोज तेलानं चोळून घ्या, मनगटाकडून वर खांद्याकडं. चोळायची त्यांची सून, शेवंता. हौसाबाई येईल त्याला तिचं कौतुक ऐकवायच्या.

एकदा बाजारच्या दिवशी दोघी आल्या. दंडावर निळसर-जांभळा डाग होता. कुठं आपटलं नव्हतं, काही लागलं नव्हतं. मी हात धरला आणि — आता लपवून काय करू? — कॉलेजात ऐकलेलं आठवलं. फार वर्षं सुजलेल्या हातापायावर क्वचित एक कॅन्सर येतो, आणि सुरुवातीला तो मुक्या मारासारखा दिसतो. आठवलं, खरंच आठवलं. पण बाहेर बाक भरलेला. पुण्याला पाठवायचं तर समजावत बसा, आणि काही निघालं नाही तर माझंच हसं. इतका दुर्मिळ आजार माझ्याच दारात कशाला येईल? मी शेवंताकडं बघून म्हणालो, "बाई, जरा हळू चोळत जा." आणि मलम दिलं.

डाग पसरला. गाठी आल्या, रक्त यायला लागलं, तेव्हा कुठं मी पुण्याला पाठवलं. तिथल्या सर्जननं मला स्पष्ट सांगितलं — कॅन्सरच आहे, चोळण्याशी काही संबंध नाही, आधी आल्या असत्या तर निदान प्रयत्न करता आला असता. हौसाबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या.

घरात मात्र माझं वाक्य राहिलं. सुनेनं जोर लावला, म्हणून हात नासला. दहाव्याला मी गेलो होतो. मुलानं सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, हिच्या चोळण्यानंच झालं न्हवं?" शेवंता चुलीपाशी उभी होती, माझ्याकडं बघत. एक 'नाही' पुरला असता. पण त्याच्यामागचा प्रश्न मला दिसत होता — मग तुम्ही काय बघत होता? मी म्हणालो, "आता बोलून काय उपयोग?"

पुढं मी दवाखाना दौंडला हलवला. लोकांना सांगितलं, रेल्वेचं गाव, पेशंट जास्त. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. पण शेवंताचं माहेर तिकडचंच निघालं, आणि नवऱ्यानं तिला माहेरी धाडलेलं. एक दिवस ती लेकीला घेऊन आली. पोरीचा पाय मुरगळला होता. मी मलमाची ट्यूब तिच्या हातात दिली, हलकं चोळ म्हणालो. तिनं ती टेबलावर परत ठेवली.

"तुमीच लावा, डॉक्टर. माजा हात जड हाय."

मी वाकून पोरीच्या घोट्याला मलम लावलं. शेवंता दोन्ही हात पदराखाली घेऊन बघत राहिली. तेव्हाही मी तिला सांगितलं नाही.