पाठीवरचं सोनेरी चक्र

मला परीक्षणं लिहायची खोड आहे. मिक्सर असो, पायपुसणं असो की नळाची तोटी, वस्तू चार दिवस वापरायची आणि मोबाइलवर तिचा निकाल लावून टाकायचा. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय, काहीतरी तपासल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. पाचपैकी पाच तारे मी आजवर कुणालाच दिलेले नाहीत. वर्गातही वही उशिरा आली की एक नंबर कापायचा, हा माझा नियम. मुख्याध्यापकांच्या मुलीचाही कापला होता. आई म्हणते, "तुला देव भेटला तरी तू आधी त्याचं अक्षर बघशील."

गेल्या चैत्रात मी एका सुपरहिरोला एक तारा दिला. त्याची ही हकिकत.

उज्जैनला माधव नगरच्या आमच्या घरी चैत्रगौर बसते. पितळेची एवढीशी गौर. चैत्रातल्या तृतीयेला पाळण्यात बसते, ती अक्षय तृतीयेला उठते. तिच्यापुढे पायऱ्यांची आरास. आईचा दंडक असा की आराशीत दरवर्षी एक नवीन खेळणं हवंच. गौर माहेरी आलेली असते, तिला काही करमणूक नको? महिना संपला की ते खेळणं घरातल्या सगळ्यात लहान मुलाला जातं. सध्या हा मान पुण्याच्या माझ्या आठ वर्षांच्या भाच्याकडे आहे. त्यानं फोनवर ऑर्डर सोडली, "मावशी, लाकडी बैल नको आता. सुपरहिरोचा ठोकळ्यांचा सेट आण. छोटा चालेल, पण पाठीवर चक्रवाला पाहिजे."

टावर चौकापाशी एक वह्या-पुस्तकांचं जुनं दुकान आहे. तिथल्या शेठजींच्या सुनेनं नुकतंच एक काचेचं कपाट अडवून त्यात असली खेळणी मांडली होती. तिचा नवरा माझा विद्यार्थी, त्यामुळे मला तिथे मान जरा जास्तच. मी कपाटाशी उभी राहिले तसे शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "अक्षय तृतीया तक का टाइम दिया है बहू को, मैडमजी. नहीं चला तो यहाँ वापस कॉपियाँ जमेंगी."

सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चक्रवाला सेट काढून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मैडम, रिव्यू ज़रूर डालना. ये बताते हैं आप बहुत सख्त चेक करती थीं. आपने अच्छा लिख दिया तो पापाजी मान जाएँगे."

'सख्त' हा शब्द ऐकून मी खूश झाले, हे इथेच कबूल करते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी सेट उघडला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई गौरीच्या दागिन्यांचा डबा उघडून बसली होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन कधी, म्हटलं की "आंब्याचा सीझन निघू दे" हे उत्तर तयार. पण मदतीचा उत्साह दांडगा. मी ठोकळे परातीत ओतले, तर तिनं तांदूळ निवडावेत तसे ते निवडायला घेतले. लांबट एका बाजूला, चौकोनी दुसऱ्या बाजूला, आणि जे कळत नाहीत ते खडे म्हणून कडेला.

"ह्यात खडेच जास्त आहेत," ती म्हणाली. "दुकानदाराने फसवलं तुला."

सेट तसा बरा होता. सूचनांच्या पुस्तिकेत एक अक्षर नाही, नुसती चित्रं, त्यामुळे आठ वर्षांचा मुलगा आणि बावन्न वर्षांची मास्तरीण एकाच पातळीवर येतात. ठोकळे एकमेकांत असे घट्ट बसतात की चुकलं तर काढताना नख तुटतं. माझी दोन तुटली. गाडीला पुढे एक चाक आणि मागे दोन, म्हणजे दिमाख कितीही असला तरी मुळात ती ऑटोच. हिरो निळा, केशरी झग्याचा. चेहऱ्याला पुढून हसू आणि मागून राग. डोकं फिरवलं की स्वभाव बदलतो. ही सोय मला फार आवडली, स्टाफरूममध्ये पुष्कळांना उपयोगी पडेल. सगळ्यात शेवटी त्याच्या पाठीवर किरणांचं एक सोनेरी चक्र बसवायचं. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे त्याची सगळी शक्ती त्या चक्रात होती.

मी चाकांच्या खटपटीत असताना आई एकदम ओरडली, "अगं, सापडली! गौरीची प्रभावळ सापडली!"

गौरीच्या मूर्तीमागे लावायची ती किरणांची छोटी सोनेरी महिरप, नानाखेड्याच्या भाड्याच्या घरातून इथे सामान आणताना हरवली होती. तेव्हापासून दर चैत्रात आई तिच्या नावाने एकदा तरी हळहळायची.

"छान," मी मान वर न करता म्हटलं.

"इतकी वर्षं झाली, आणि इथेच टेबलावर पडलेली! डब्यातनंच गिरली असणार."

"छान, छान."

वर्गात कुणी असं न बघता मला उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तासाभराने हिरो तयार झाला आणि चक्र काही मिळेना. परात पालथी केली, टेबलाखाली टॉर्च मारला, केरसुणी फिरवली. आईही मनापासून शोधत होती, "कसं होतं गं, मोठं की छोटं?" असं विचारत. मी खोक्यावरचं चित्र तिच्यापुढे धरलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "नाही बाई, असलं काही माझ्या हाताला नाही लागलं." चक्राविना तो हिरो म्हणजे घट्ट कपडे घालून बसची वाट पाहणारा एक साधा माणूस राहिला होता.

माझं डोकं फिरलं. मोबाइल घेतला, दुकानाचं पान उघडलं आणि हिंदीत ठणकावून लिहिलं, 'सेट अधूरा. मुख्य पुर्ज़ा ही गायब. या तो दुकानदार ने देखा नहीं, या देखकर भी बेच दिया. बच्चों के सामान में ऐसी लापरवाही माफ़ नहीं की जा सकती.' तारा एक. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सेट घेऊन दुकानात गेले. शेठजींच्या हातात मोबाइल होता आणि समोर दोन गिऱ्हाइकं. माझंच परीक्षण वाचून दाखवणं चालू होतं. मला पाहून ते सुनेला म्हणाले, "आ गईं तेरी मैडम. पूछ ले, अब क्या बोलना है."

तिनं वाद घातला नाही. पुर्जा हरवला असेल, घरी नीट पाहिलंत का, असं एका शब्दानंही विचारलं नाही. कपाटातून तसाच दुसरा नवा सेट काढला, त्याचं सील फोडलं, पिशवी कापली आणि सोनेरी चक्र माझ्या तळहातावर ठेवलं. तो फोडलेला सेट आता कुणी घेणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. शेठजी तर त्या खोक्याकडेच बघत होते.

परीक्षण काढून टाका, असंही ती म्हणाली नाही. मला वाटलं, काढूच. मग वाटलं, राहू दे थोडे दिवस, धडा मिळेल. पुढच्या वेळी तपासून विकेल. इतकंच नाही, स्वतःच्या मोठेपणावर खूश होऊन मी तिला शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणंही केलं.

शुक्रवारी घर भरून गेलं. पन्हं, कैरीची डाळ, ओटीला भिजवलेले हरभरे. आमच्या उज्जैनच्या मराठी बायका आराशीचं परीक्षण करायला बसल्या की मी त्यांच्यापुढे पोरकट आहे. "कलिंगडाचं कमळ यंदा जरा ढीला आहे नं?" "पायऱ्यांची चादर मागच्या सालचीच वाटते." सुपरहिरोवर मात्र सगळ्या खूश. तिसऱ्या पायरीवर, बाहुलीच्या चुलीशेजारी, पाठीला चक्र लावून तो आपल्या ऑटोत बसला होता. समोरच्या घरातल्या काकूंनी तर त्याला हळदीकुंकूही लावलं. "अहो, तो पुरुष आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "असू दे, गौरीच्या माहेरचा आहे."

तेवढ्यात दुकानातली सून आली. चंदेरी साडी नेसून, हातात मोगऱ्याची फुलं घेऊन. आईनं तिला हाताला धरून थेट गौरीपुढे नेलं. फुलं वाहायला ती वाकली, पाळण्यातला जुना गजरा तिनं हलकेच बाजूला केला आणि तशीच थांबली.

मी पन्ह्याचा पेला घेऊन तिच्या मागेच उभी होते. गौरीच्या मागे, मेणाने चिकटवलेलं, किरणांचं सोनेरी चक्र चमकत होतं. दोन पायऱ्या खाली तस्संच चक्र हिरोच्या पाठीवर होतं. सगळ्या जगाचं तपासणारी मी, देवाकडे मात्र नमस्कारापुरतीच बघते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी किती मुलांना समजावून सांगितली असेल!

"देखो बेटी," आई कौतुकानं म्हणत होती, "हमारी गौर की प्रभावळ. कब से खोई थी, इस साल मिली. अब जी को चैन पड़ा."

सुनेनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. खोलीत बाराजणी होत्या. एक वाक्य बोलली असती तरी त्यांच्यापुढे माझी शोभा झाली असती आणि तिचं दुकान आरोपातून सुटलं असतं. मी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले.

"बहुत जँच रही है, दादी," ती म्हणाली. गजरा तिनं परत जागेवर सरकवला, चक्र अर्धं झाकेल असा.

मला लाज वाटली. इतकी की हातातलं पन्हं तिला द्यायचं सोडून मी स्वतःच पिऊन टाकलं.

तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. म्हटलं, "चूक माझी आहे. मी आजच ते काढून तुला परत..."

"गौर माता का मत निकालना, मैडम," तिनं मला मध्येच थांबवलं. "दादी कितनी खुश हैं." आणि दोन पावलं पुढे जाऊन, मागे न वळता म्हणाली, "बस पापाजी को एक बार बता देना. मेरे बोलने से नहीं मानेंगे."

त्याच संध्याकाळी मी मोबाइलवरचं परीक्षण बदललं. शनिवारी दुकानात गेले. शेठजींसमोर उभी राहिले, आणि दुकानात गिऱ्हाइकं होती तरी सगळं सांगितलं. परात, मोतीबिंदू, प्रभावळ, माझं 'छान, छान', सगळं. फोडलेला सेटही मी पैसे देऊन विकत घेतला.

"मोबाइल का क्या है मैडमजी, आज लिखा, कल मिटा," ते म्हणाले. "कागज़ पर लिखकर दो."

त्यांनी गल्ल्यावरचा एक फुलस्केप पुढे सरकवला. शेकडो पोरांकडून 'मी पुन्हा असे करणार नाही' लिहून घेणाऱ्या मी तिथे स्टुलावर बसून लिहिलं, 'सेट पूरा था. पुर्ज़ा मेरे ही घर में, देवी के पास था. दुकान ने बिना पूछे दूसरा सेट खोलकर दिया. लापरवाही दुकान की नहीं, मेरी थी. ठोकळे पक्के हैं, हीरो अच्छा है, दुकानदार उससे भी अच्छी है.' घाईत 'ठोकळे' मराठीच राहिलं. सही केली. शेठजींनी कागद दोनदा वाचला, सुनेला दिला आणि रद्दीचा गठ्ठा बांधायला लागले.

अक्षय तृतीयेला आईनं गौर उठवली. चक्र कापसात गुंडाळून दागिन्यांच्या डब्यात ठेवलं आणि डब्याला दोरी बांधली, पुन्हा हरवायला नको म्हणून. गाठ मारताना दोरीवर बोट मीच धरलं. हिरो भाच्याकडे रवाना झाला.

त्यानंतर आठवडाभर मी टावर चौकाकडे फिरकले नाही. कपाटात वह्या रचलेल्या दिसल्या तर तोंड कसं दाखवायचं, ही भीती होती. शेवटी शाळेचं रजिस्टर संपलं, तेव्हा जावंच लागलं. शेठजी गल्ल्यावर होते. म्हणाले, "कॉपियाँ पीछे रखी हैं मैडमजी, उधर जगह नहीं है." आणि हनुवटीनं कपाटाकडे खूण केली.

कपाट खेळण्यांनी गच्च भरलं होतं. काचेवर आतल्या बाजूनं माझा फुलस्केप चिकटवला होता. त्यावर कुणीतरी लाल पेनानं 'ठोकळे' शब्दाला गोल केला होता. खाली, जिथे मी पोरांच्या वहीत नंबर देते, नेमक्या त्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'दस में से नौ. एक नंबर देर से जमा करने का कटा.'

सून पाठमोरी उभी राहून खोकी लावत होती. खांदे हसण्यानं हलत होते. मी पर्समधून चष्मा काढून ते पुन्हा नीट तपासलं. नऊ जास्तच होते. मी असते तर आठ दिले असते.